बिझंटाइन धर्मकला आणि आपल्या घरांतील एक चित्र

देऊळगाव राजा हें नांवाप्रमाणेंच देवळाचें गांव आहे. आश्विन महिन्यांत श्रीबालाजीच्या उत्सवास लांबलांबचे यात्रेकरू येथें जमतात व मूर्तीचें दर्शन घेऊन समाधानानें परततात. येथून जवळच जालना. त्या भागांत एकोणिसाव्या शतकांत रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं स्कॉटिश मिशनच्या वतीनें बेथेल नांवाची ख्रिस्ती वसाहत वसविली. त्या परंपरेच्या उपासनेंत मूर्ति व चित्रें यांना स्थान नाहीं; पवित्र शास्त्राचें वाचन व प्रवचन हेंच तिचें सर्वस्व. या दोहोंच्या मध्यें राहणाऱ्या कॅथॉलिक मनुष्यास दोन बाजूंनीं दोन प्रश्न ऐकावे लागतात. एक शेजारी विचारतो, "तुम्हीही मरियेच्या मूर्तीपुढें मेणबत्त्या लावतां, हार घालतां, मग आमच्या पूजेंत आणि तुमच्या भक्तींत भेद तो कोणता?" दुसरा विचारतो, "दहा आज्ञांत प्रतिमांची मनाई असतां तुमच्या देवळांत हीं चित्रें कशीं?" हे दोनही प्रश्न बहुधा सद्भावानेंच विचारलेले असतात. परंतु आपणांपैकीं पुष्कळ जण हसून वेळ मारून नेतात. कारण उत्तर ठाऊक नसतें.

वस्तुतः हे प्रश्न नवे नव्हत. बाराशें वर्षांपूर्वीं यांवरूनच एक मोठें साम्राज्य शंभराहून अधिक वर्षें ढवळून निघालें, आणि त्या झगड्यांतून जी कला तावून सुलाखून बाहेर पडली ती बिझंटाइन धर्मकला होय. महोत्सवाच्या या अंकांत त्या कलेचीं मुख्य लक्षणें वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. प्रत्येक लक्षणाच्या मुळाशीं एक श्रद्धा आहे. ती कळली म्हणजे वरील दोन्ही प्रश्नांचें उत्तरही हातीं लागतें. आणि या कलेचा नमुना पाहण्यास परदेशीं जावयास नको. तो आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं भिंतीवर टांगलेला आहे. तो नमुना म्हणजे नित्य साहाय्य मातेचें चित्र.

सम्राट कॉन्स्टंटाइन यानें इ. स. ३३० मध्यें बॉस्फरसच्या काठीं, बिझँटिअम या जुन्या ग्रीक नगराच्या जागीं, आपली नवी राजधानी प्रतिष्ठित केली. तिला कॉन्स्टँटिनोपल हें नांव पडलें. आजचें इस्तंबूल तें हेंच. पश्चिमेकडील रोमन बादशाही इ. स. ४७६ मध्यें लयास गेली, परंतु पूर्वेकडील राज्य १४५३ पर्यंत टिकून राहिलें. कायदा रोमन, भाषा ग्रीक व धर्म ख्रिस्ती असें त्याचें स्वरूप होतें. पूर्व व पश्चिम ख्रिस्तसभांमधील फूट इ. स. १०५४ ची समजली जाते. या कलेचीं मूळ तत्त्वें तत्पूर्वींच ठरून गेलेलीं होतीं. म्हणून तिला परक्यांची कला समजण्याचें आपणांस कांहीं कारण नाहीं. ती दोन्ही घरांची सामाईक वडिलोपार्जित ठेव आहे.

त्या काळीं आपला पश्चिम किनाराही त्या जगास अपरिचित नव्हता. अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नांवाचा व्यापारी सहाव्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत 'कल्लियाना' येथें इराणांतून नेमलेला एक बिशप असल्याचें नमूद करितो. हें ठिकाण म्हणजे मुंबईजवळचें कल्याण असें पुष्कळ विद्वान् मानतात. तें खरें असल्यास, ज्या पिढींत कॉन्स्टँटिनोपल येथें या कलेचें सर्वश्रेष्ठ मंदिर उभें राहिलें त्याच पिढींत महाराष्ट्राच्या भूमीवर ख्रिस्ती उपासना चालू होती.

आतां प्रथम इमारतीचा विचार करूं. आरंभींचीं ख्रिस्तमंदिरें बहुतेक लांबट दिवाणखान्यासारखीं असत: दोहों बाजूंस खांबांच्या रांगा, वर लांकडी छप्पर व पूर्वेच्या टोंकास वेदी. बिझंटाइन कारागिरांनीं या दिवाणखान्यावर घुमट चढविला. पण चौकोनी जागेवर गोल घुमट बसवावयाचा कसा? सिंदखेड राजा येथील लखुजीराव जाधवांची समाधि किंवा औरंगाबादचा बिबीका मकबरा पाहणाऱ्यास हा प्रश्न सहज सुचेल. चौकोनाच्या चार कोंपऱ्यांवर तिरप्या कमानी टाकून त्याचा अष्टकोन करावयाचा व त्यावर घुमट ठेवावयाचा, ही रीत आपल्या दख्खनेंतही परिचित आहे. बिझंटाइन वास्तुकारांनीं दुसरा मार्ग पूर्णत्वास नेला. चार भक्कम खांबांवर चार मोठ्या कमानी उभारून, दोन कमानींमधील मोकळ्या जागा त्यांनीं आंत झुकणाऱ्या वक्र त्रिकोणांनीं भरून काढल्या. हे चार त्रिकोण वर जाऊन एकमेकांस मिळतात व एक संपूर्ण वर्तुळ तयार होतें. त्या वर्तुळावर घुमट बसतो. सारा भार या त्रिकोणांवरून व कमानींवरून चार खांबांवर उतरतो. म्हणून मधल्या भिंतींना ओझें कमी वाहावें लागतें, आणि त्यांत हव्या तेवढ्या खिडक्या ठेवतां येतात.

या पद्धतीचा मुकुटमणि म्हणजे 'हागिया सोफिया', अर्थात् पवित्र ज्ञानाचें मंदिर. हें ज्ञान म्हणजे कोणी संत स्त्री नव्हे; खुद्द ख्रिस्तालाच तें नांव दिलेलें आहे. इ. स. ५३२ च्या दंग्यांत जुनें मंदिर जळाल्यावर सम्राट जस्टिनियन यानें ट्रॅलिसचा अँथेमिअस व मायलीटसचा इसिडोर या दोघां गणितज्ञांकडून तें नव्यानें बांधविलें. सहा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच, ५३७ च्या २७ डिसेंबरला, त्याचें समर्पण झालें. पुढें भूकंपांनीं दुबळा झालेला घुमट ५५८ मध्यें कोसळला. धाकट्या इसिडोरनें तो अधिक उंच करून पुन्हां उभारला व ५६२ मध्यें मंदिर पुनः उघडलें. घुमटाचा व्यास सुमारें ३१ मीटर असून त्याचें शिखर जमिनीपासून सुमारें ५५ मीटर उंच आहे. त्याच्या पायाशीं चाळीस खिडक्यांची ओळ आहे. त्यांतून उजेड आंत येऊं लागला म्हणजे घुमट भिंतींवर टेकलेला न दिसतां प्रकाशावर तरंगत असल्याचा भास होतो. १४५३ मध्यें या मंदिराची मशीद झाली, विसाव्या शतकांत तें संग्रहालय झालें आणि २०२० पासून तें पुनः मशीद आहे.

घुमट हें आकाशाचें प्रतीक आहे. गॉथिक मंदिरांत दृष्टि उंच निमुळत्या रेषांबरोबर वर चढत जाते. बिझंटाइन मंदिरांत आकाशच खालीं उतरून उपासकांस आपल्या कुशींत घेतें. देव मनुष्याकडे आला, ही आपल्या धर्माची पहिली वार्ता येथें विटाचुन्यानें सांगितलेली आहे.

दुसरें लक्षण बाहेरच्या व आंतल्या रूपांतील भेदाचें. लोणारचें दैत्यसूदनाचें देऊळ आपल्या जिल्ह्यांतच आहे. त्याच्या बाहेरच्या भिंती शिल्पांनीं भरलेल्या आहेत आणि जसजसें आंत जावें तसतसा उजेड कमी होऊन गाभाऱ्यांत शांत अंधार भेटतो. बिझंटाइन मंदिराचा क्रम याच्या नेमका उलटा. बाहेरून पाहिलें तर बहुधा साध्या विटांची, विशेष नटवेपणा नसलेली इमारत. पण उंबरा ओलांडतांच रंगीत संगमरवर व सोनें यांचा झगमगाट. जुन्या लेखकांनीं याची तुलना ख्रिस्ती मनुष्याशीं केली, ती यथार्थ वाटते: बाहेर साधेपणा, ऐश्वर्य अंतःकरणांत.

हा झगमगाट ज्या कामामुळें येतो त्यास मोझेक म्हणतात. भिंतीवर ओला गिलावा करून त्यांत कांचेचे व दगडाचे लहान लहान चौकोनी तुकडे एकामागून एक बसवीत जावयाचे. सोनेरी तुकडा करण्याची रीत अशी कीं, कांचेवर सोन्याचा वर्ख ठेवून त्यावर कांचेचाच पातळ थर चढवावयाचा. त्यामुळें सोनें झिजत नाहीं. कुशल कारागीर हे तुकडे सपाट न लावतां किंचित् तिरपे लावीत. मग उपासक चालूं लागला किंवा मेणबत्तीची ज्योत हालली कीं भिंतीवरचें सोनेंही हालतें. इटलींतील राव्हेना शहरीं ५४७ मध्यें समर्पित झालेल्या सान व्हिताले मंदिरांत हें काम आजही पाहावयास मिळतें. तेथें सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा यांचीं चित्रें आहेत. तो हातांत भाकरीचें पात्र व ती द्राक्षारसाचा प्याला घेऊन वेदीकडे चालली आहेत. जगाचा धनीही येथें अर्पण घेऊन आलेला एक उपासकच आहे.

पुढील शतकांत चित्रांच्या जागाही ठरून गेल्या. घुमटांत सर्वसत्ताधारी ख्रिस्त: एका हातांत शुभवर्तमान, दुसरा आशीर्वादासाठीं उचललेला. वेदीमागील अर्धगोलांत देवमाता. त्याखालीं प्रभूच्या जन्मापासून स्वर्गारोहणापर्यंतचे प्रसंग, आणि सर्वांत खालीं, उभ्या असलेल्या मंडळीच्या जवळ, संत व रक्तसाक्षी. मंडळींत उभा असलेला शेतकरी संतांच्या रांगेंत उभा राही. व्हेनिस येथील संत मार्काचें मंदिर लॅटिन ख्रिस्तसभेचें. तें १०६३ च्या सुमारास आरंभिलें गेलें. त्याचे पांच घुमट व त्यांतील सोनेरी चित्रें याच पद्धतीचीं आहेत.

आतां चित्राकडे येऊं. लांकडी फळीवर कापड व पांढरा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख आणि अंड्याच्या बलकांत कालविलेले रंग: अशी या प्रतिमांची सर्वसाधारण घडण. त्यांतील चेहरे लांबट, नाक बारीक, तोंड लहान व डोळे मोठे असतात. कोणी म्हणतात, या चित्रकारांना मनुष्याचें शरीर हुबेहूब काढतां येत नव्हतें. हा आक्षेप उतावीळपणाचा आहे. अजिंठ्याच्या चित्रकारानें पांचव्या शतकांत छाया व उजळपणा यांच्या योगें देह गोलसर व भरदार दाखविला, कारण त्याला देहाचा जिवंतपणा दाखवावयाचा होता. बिझंटाइन चित्रकारास पुनरुत्थानाच्या तेजांतला देह दाखवावयाचा होता. म्हणून त्यानें वजन काढून घेतलें व डोळे वाढविले. मागें डोंगर, आकाश वा घर न काढतां त्यानें नुसतें सोनें ठेविलें. कारण संत आतां कोणत्याही एका गांवीं किंवा एका काळीं राहत नाहींत. पडछाया नाहीं, कारण त्या प्रकाशास एक दिशा नाहीं. सिंहासनाच्या व पायटाच्या रेषा दूर जातांना पुष्कळदां एकवटत नाहींत, उलट फांकत जातात, जणू चित्रच पाहणाऱ्याच्या दिशेनें उघडत आहे. आपण त्या प्रतिमेकडे पाहतों त्याहून अधिक ती आपणांकडे पाहते. 'दर्शन' या शब्दाचा अर्थ ज्याला मराठींतून कळतो त्याला ही गोष्ट युरोपांतील मनुष्यापेक्षां लवकर उमजेल. शेवटचें लक्षण अक्षरांचें: प्रतिमेवर नांव लिहिलेलें असावें असा दंडक रूढ झाला. नांवाशिवाय चेहरा कोणाचाही असूं शकेल. नांवानें तो एका व्यक्तीचा होतो.

येथें आपण त्या जुन्या वादाशीं येऊन पोंचतों. आठव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत सम्राट लिओ तिसरा यानें प्रतिमांविरुद्ध मोहीम उघडली. चित्रें पुसलीं, फोडलीं व जाळलीं गेलीं. प्रतिमा राखणाऱ्या मठवाशांचा छळ झाला. प्रतिमाभंजकांचें म्हणणें अगदींच पोकळ होतें असें मात्र नव्हे. सम्राट मायकेल दुसरा यानें इ. स. ८२४ मध्यें पश्चिमेच्या सम्राटास लिहिलेल्या पत्रांत तक्रार केली आहे कीं, लोक प्रतिमांना मुलांचे धर्मपिते करितात व प्रतिमांचा रंग खरवडून पवित्र द्राक्षारसांत मिसळतात. भक्तीचा असा विपर्यास कोणत्याही काळीं होऊं शकतो, हें आपणही ध्यानांत ठेविलें पाहिजे.

या वादांत सर्वांत समर्थ उत्तर दिलें तें दमास्कसच्या संत योहानानें. तो यरुशलेमजवळच्या मठांत, मुसलमानी अमलाखालीं राहत असल्यामुळें सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोंचत नव्हता. त्याच्या युक्तिवादाचा सारांश असा: अदृश्य देवाचें चित्र काढणें हा खरोखर वेडेपणा होता, आणि म्हणूनच जुन्या करारांत मनाई होती. पण देव मनुष्य झाला, डोळ्यांना दिसला, हातांना लागला. तेव्हां त्याच्या मनुष्यरूपाचें चित्र काढणें म्हणजे त्याच्या देहधारणेची कबुली देणें होय. जो चित्रास सर्वथा नाकारतो तो नकळत देहधारणेसही अर्धवट नाकारतो. लांकूड व रंग या जड वस्तूंची आम्ही आराधना करीत नाहीं. परंतु ज्या देवानें आमच्या तारणासाठीं जड देह घेतला त्याच्यामुळें जड वस्तूही तुच्छ राहिली नाहीं.

इ. स. ७८७ मध्यें नायसिया येथें भरलेल्या दुसऱ्या सभेंत, पोप पहिले हेड्रियन यांचे प्रतिनिधि उपस्थित असतां, ख्रिस्तसभेनें निर्णय दिला. आराधना केवळ देवाचीच. प्रतिमेस मान द्यावयाचा, आणि तो मान प्रतिमेपाशीं न थांबतां जिची ती प्रतिमा आहे त्या व्यक्तीकडे जातो. ८१५ मध्यें छळ पुनः सुरू झाला. शेवटीं ८४३ मध्यें सम्राज्ञी थिओडोरा हिच्या कारकीर्दींत प्रतिमा कायमच्या परत आल्या. पुढें १५६३ मध्यें ट्रेंटच्या सभेनें पश्चिमेंतही हीच शिकवण पुन्हां सांगितली.

आतां आपल्या दोन शेजाऱ्यांस काय सांगावें? हिंदु बंधूस आपण आदरपूर्वक सांगावें कीं, आपल्याकडे मूर्तींत प्राणप्रतिष्ठा करून तेथें देवतेचें सान्निध्य मानतात. आम्ही चित्रास आशीर्वाद देतों, पण त्या फळींत देव येऊन राहतो असें मानीत नाहीं. आमचें चित्र हें जिवंत व्यक्तीची आठवण व तिच्याकडे उघडणारी खिडकी आहे. दुसऱ्या बंधूस सांगावें कीं, आज्ञा आम्हांसही पूर्ण मान्य आहे. परंतु बेथलेहेमच्या रात्रीनंतर देवाला मनुष्याचें मुख आहे, आणि तें मुख आम्ही विसरूं इच्छीत नाहीं.

हीं सर्व लक्षणें नित्य साहाय्य मातेच्या चित्रांत एकत्र आढळतात. मूळ चित्र सुमारें ५४ सेंटीमीटर उंच असून लांकडी फळीवर आहे. या घडणीचीं चित्रें पंधराव्या शतकांत क्रीट बेटावर काढलीं जात. तेथील आंद्रेआस रित्सोस हा चित्रकार त्यांकरितां प्रसिद्ध आहे. कॉन्स्टँटिनोपल पडल्यावर व्हेनिसच्या ताब्यांतील या बेटावर बिझंटाइन चित्रकला जिवंत राहिली. एका व्यापाऱ्यानें हें चित्र क्रीटहून रोमला आणिलें अशी परंपरा आहे. १४९९ मध्यें तें रोममधील संत मत्तयाच्या मंदिरांत ठेवण्यांत आलें. १७९८ मध्यें फ्रेंच अमलांत तें मंदिर पाडलें गेलें व चित्र विस्मृतींत गेलें. पुढें त्याचा शोध लागल्यावर पोप नववे पायस यांनीं तें रिडेम्प्टोरिस्ट संघाच्या स्वाधीन केलें, आणि १८६६ च्या २६ एप्रिलला तें रोममधील संत अल्फोन्स यांच्या मंदिरांत प्रतिष्ठित झालें.

घरीं गेल्यावर वाचकांनीं तें चित्र पुन्हां एकदां नीट पाहावें. पाठीमागें नुसतें सोनें. मातेच्या दोहों बाजूंस जीं ग्रीक अक्षरें आहेत त्यांचा अर्थ 'देवाची माता'. आपल्या डाव्या हातास मिखाएल देवदूत भाला, स्पंज व आंबेचें पात्र घेऊन आहे. उजव्या हातास गाब्रिएल क्रूस व खिळे घेऊन आहे. बाळ येशू मान वळवून तिकडे पाहत आहे. त्याचे दोन्ही हात आईच्या उजव्या हातांत आहेत, आणि घाईनें तिला बिलगतांना त्याच्या एका पायांतली वहाण सुटून बंदास लोंबत आहे. पण आई बाळाकडे पाहत नाहीं, देवदूतांकडेही पाहत नाहीं. ती आपणांकडे पाहते. दुःख पुढें आहे हें तिला ठाऊक आहे, आणि त्या दुःखांत ती आपणांस सामील करून घेते. ज्या घरांत दुष्काळ, आजार किंवा मृत्यु येऊन गेला आहे त्या घरास हें चित्र समजावून सांगण्याची गरज पडत नाहीं.

मुंबईंत माहीम येथील संत मिखाएल यांच्या मंदिरांत १९४८ च्या ८ सप्टेंबरला या मातेची नव्हेना सुरू झाली. तेव्हांपासून दर बुधवारीं तेथें निरनिराळ्या भाषांत प्रार्थना होतात व सर्व धर्मांचे लोक येतात. महाराष्ट्रांतील बहुतेक जुनीं ख्रिस्तमंदिरें पोर्तुगीज किंवा गॉथिक वळणाचीं. तरीही बिझंटाइन कला आपल्याकडे आली ती अशी, एका लहान छापील चित्राच्या रूपानें, आणि थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोंचली.

या कलेपासून आपल्या मंडळीनें एक धडा घ्यावा असें आम्हांस वाटतें. बिझंटाइन कारागिरानें आपल्या देशांतले रंग, आपल्या दरबाराची वस्त्रें व आपल्या भाषेचीं अक्षरें वापरलीं. पण श्रद्धा मात्र जशीच्या तशी ठेविली. आपल्याकडेही हा प्रयत्न झालेला आहे. गोंयचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनीं पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहून देवमातेस भारतीय स्त्रीच्या वेषांत रंगविलें. त्यांना आप्तस्वकीयांचीच टीका सोसावी लागली. पण ज्या मातेनें ग्रीक स्त्रीचा पदर घेतला तिला मराठी लुगडें परकें कसें होईल? वेष बदलला तरी चालेल. नांव, दृष्टि व बाळाचा धरलेला हात तेवढे बदलूं नयेत.

महोत्सवाच्या निमित्तानें देवळांस व घरांस नवे रंग लागतील, जुन्या तसबिरी उतरविल्या जातील. त्या अडगळींत टाकण्यापूर्वीं घरांतील वडील मंडळींनीं मुलांस जवळ बोलावून एवढेंच सांगावें, कीं हा मिखाएल, हा गाब्रिएल, ही सुटलेली वहाण, आणि हीं अक्षरें म्हणजे देवाची माता. मग कोणी शेजाऱ्यानें प्रश्न विचारला तर त्या मुलांना हसून वेळ मारून न्यावी लागणार नाहीं.